सान ओनोफ्रेचा कोरा काठ

मृदुला, ते कापड आधी खाली ठेव बघू. हळू. असं चिमटीत धरून जगाला डाग दाखवल्यासारखं दाखवू नकोस. या दोन्या मेलिदा आहेत. दोन्या म्हणजे इथलं बाईसाहेब म्हणायचं. तुझ्या काकूच्या लग्नाचं निळं कापड यांच्या आईने रंगवलं होतं, आणि तेव्हापासून मी यांच्या गाळ्यावर येतोय. यांचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता.

तुझी चूक नाही ग, नवीन माणूस हेच करतो. आल्या आल्या त्यांनी वाळक्या भोपळ्याच्या वाटीत पाणी पुढे केलं, तर तू पर्समधली बाटली काढून दाखवलीस. मग कापडाची ही पांढरी कड बघितलीस आणि म्हणालीस, हा पीस खराब आहे, दुसरा दाखवा. त्यावर आमचे जावईबापू म्हणतात, खराब आहे तर भाव कमी करा. मी निम्मंच भाषांतर केलं म्हणून निभावलं. पण माणसाला समजायला भाषा कशाला लागते? त्यांनी घडी घातली आणि कापड मागे ठेवलं. आता त्या तुम्हाला कापड विकणार नाहीत, दुप्पट भाव दिलात तरी नाही.

जरा नजर फिरव या बाजारात. ती शाल बघ, तो टेबलावर घालायचा कपडा बघ, त्या म्हाताऱ्याच्या अंगातला सदरा बघ. सगळं निळं, आणि प्रत्येकाच्या एका टोकाला तळहाताएवढी पट्टी कोरी. नीळ तिथवर पोचलेलीच नाही. आपल्या इचलकरंजीत असा माल निघाला असता तर शेठजींनी रंगाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मी तिथून इथे मिलमध्ये माग बसवायला आलो तेव्हा हेच मनात घेऊन आलो होतो. आणि इथे उलटंच. कोरा काठ नसेल तर ते कापड या बाजारात कोणी हातात धरत नाही. सान ओनोफ्रेचं, म्हणजे या आमच्या शहराचं नाही म्हणतात, बाहेरचं आहे म्हणतात, आणि म्हणताना नाक असं वर करतात की विचारू नकोस.

बसा इथे पायरीवर. जावईबापू, तो फोन खिशात ठेवा, फोटो नंतर काढा. मी सांगतो ते माझं नाही, इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं आहे. माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या आजीने.

तर असं सांगतात, की फार पूर्वी, इथे कॉफी यायच्याही आधी, या सगळ्या डोंगरउतारावर नीळ होती. आपल्याकडे ऊस असतो तशी. पाला कापायचा, दगडी हौदात कुजवायचा, घुसळायचा, त्याच्या वड्या पाडायच्या आणि खेचरांच्या पाठीवर लादून बंदरावर पाठवायच्या. वड्या तर सगळेच करत. पण रंगवावं सान ओनोफ्रेनेच, असं म्हणे लोक म्हणायचे. इथल्या निळाईत डाग राहत नसे. एवढंसं बोटभर जरी पांढरं राहिलं, तरी ते कापड फाडून त्याच्या वाती करायचे. त्याचाच या गावाला गर्व होता, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा हे गावच होतं. शहर नव्हतं.

शहर व्हायचं तर जत्रा हवी. जत्रा म्हणजे आपल्या यात्रेसारखी नव्हे बरं का, व्यापाराची. वर्षातून एकदा, ऐन कोरड्या महिन्यात, सगळ्या मुलखाचे व्यापारी एका ठिकाणी जमायचे. बंदराचं मीठ, खालच्या अंगाचा कोको, डोंगरातली मडकी, गुरं, कातडी. ज्या गावाला जत्रेचा हक्क मिळेल ते वाढणार, ज्याला नाही मिळणार ते हळूहळू मरणार, इतका सरळ हिशेब होता. आणि हक्क राजधानीतून मिळायचा, कागदावर शिक्का मारून. दोन गावं मागत होती. एक हे, आणि एक दरीपलीकडचं. त्या गावाचं नाव इथे अजूनही घेत नाहीत, तेव्हा मीही घेत नाही. इथेच म्हातारा व्हायचंय मला.

तर राजधानीच्या मोठ्या देवळात वेदीवर धरायला एक कापडी छत हवं होतं. एकसंध निळं, अख्ख्या वेदीला पुरेल एवढं. तिथल्या कारभाऱ्याने दोन्ही गावांना सांगितलं, सणाच्या आत ज्याचं छत बिनडाग येईल, जत्रा त्याची. दरीपलीकडच्यांना रंगाचं फारसं कळत नव्हतं. त्यामुळे इथे लोकांनी जत्रा आपलीच धरून चालायला सुरुवात केली.

रंगवायचं काम साहजिकच चोनाकडे आलं. चोना म्हणजे गावातली पहिल्या नंबरची रंगारीण. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, नीळ हाच तिचा संसार. हात कोपरापर्यंत निळे. हौदात नुसतं बोट बुडवून जिभेला लावायची आणि सांगायची, अजून आंबला नाही, उद्या या. त्या काळचा इथला गावप्रमुख डॉन एउसेबियो, डॉन म्हणजे इथलं रावसाहेब, मोठा सावध माणूस. वाईट नव्हता, पण गावाचं भलं एकट्याच्याच डोक्यावर आहे असं मानणारा. तो तिला देवळात घेऊन गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, शपथ घे.

इथला देव तुम्ही सकाळी बघितलात. जटा पायापर्यंत आलेल्या, अंगावर दुसरं वस्त्र नाही. तोच सान ओनोफ्रे, म्हणजे संत ओनोफ्रे, गावाला नाव त्याचंच. वाळवंटात तप करायचा, तहानेने प्राण कंठाशी आले तेव्हा देवदूताने येऊन पाणी पाजलं, अशी त्याची गोष्ट. त्याच्या पायांवर हात ठेवून चोना म्हणाली, "या छतावर कोरी जागा राहिली, तर मी पुन्हा निळीला हात लावणार नाही." गाव निश्चिंत झालं. तिच्या हातून आजवर कोरी जागा राहिली नव्हती.

पण त्या वर्षी पाऊसच झाला नाही म्हणे. वरच्या अंगाला झरा आहे ना, काल आपण गेलो होतो तो, त्याची धार करंगळीएवढी झाली. आता रंगाचं गणित समजून घे, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. कापड काठीला टांगून हौदात उभं सोडतात. हौद काठोकाठ भरलेला असेल तर कापड वरपर्यंत बुडतं. पाणी जेवढं कमी, तेवढी वरची पट्टी कोरी राहणार. तू म्हणशील, उलटं करून पुन्हा बुडवावं. तसं केलं तर मध्ये जोडाची गडद रेघ उमटते, ती कोऱ्यापेक्षा वाईट दिसते. थांबावं म्हणशील, तर एकदा आंबून तयार झालेली नीळ थांबत नाही, मरते. म्हणजे हौद तयार झाला त्या दिवशी तो काठोकाठ भरायला स्वच्छ पाणी हाताशी हवंच.

मग डॉन एउसेबियोने काय केलं, खालच्या वस्तीला जाणारा पाट बंद केला. झऱ्याचं थेंब थेंब पाणी चोनाच्या अंगणातल्या रांजणांत साठवायला लावलं आणि त्यावर पहारा बसवला. गावातल्यांना प्यायला मोजून मिळत होतं. खालच्या वस्तीला काहीच नाही. ती मका पिकवणारी गरीब माणसं, वाटा फुटतात त्या तिठ्यावर राहायची. त्यांचं कोण ऐकतंय? सण झाला की पाट सोडू, असं त्यांना सांगितलं होतं.

रंगाचा दिवस उजाडला. अंगणाबाहेर गाव लोटलेलं. हौद तयार, छत काठीला टांगलेलं, रांजण भरलेले. चोना पहिल्या रांजणातून घागर भरायला वाकली, आणि फाटकाशी एक बाई दिसली. हासिंता तिचं नाव, खालच्या वस्तीतली. कडेवर तान्हं पोर, हातात रिकामी घागर. ती ओरडली नाही की भांडली नाही. फाटकात खाली बसली. तिच्या मागे सगळी वस्ती येऊन उभी होती, प्रत्येकाच्या हातात एकेक रिकामं भांडं.

डॉन एउसेबियो पुढे झाला. "उद्या या. आज रंग होऊ दे, उद्या सकाळी मी स्वतः पाट सोडतो."

हासिंता म्हणाली, "तुम्ही सोडाल हो. हे पोर उद्यापर्यंत राहणार नाही."

चोनाने पोराकडे पाहिलं. त्याचे ओठ फुटले होते आणि ते रडतही नव्हतं. एवढ्या तहानेत पोर रडत नाही, हे ज्याने बघितलंय त्यालाच ते कळतं. आपल्या दुष्काळात माझ्या आईने बघितलं होतं, ती सांगायची.

चोनाने भरलेली घागर उचलली आणि हौदाकडे न जाता फाटकाकडे निघाली. डॉन एउसेबियोने तिचं मनगट धरलं. "चोना, काय करतेस कळतंय का? जत्रा जाईल."

"कळतंय. हौदाला किती पाणी लागतं ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

"आणि देवासमोरची शपथ?"

"ती माझी आहे. ती मी बघते."

त्याने हात सोडला. असं सांगतात, की तिने सोडवून घेतला नाही, त्याचाच सुटला.

एखादा रांजण देऊन भागलं असतं असं तुला वाटेल. मीही सासूबाईंना तेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, पोराला पाजलं आणि त्याच्या आजीला नाही, असं कसं करायचं? चोनाने वस्तीच्या शेवटच्या माणसाची घागर भरेपर्यंत पाणी दिलं. हासिंताचं पोर आधी ओठ ओले करून मग प्यायला लागलं, आणि प्यायल्यावर जोरात रडलं. ते रडणं ऐकून अंगणाबाहेरच्या बायांनी म्हणे पदर डोळ्यांना लावले. पदर नाही, इथे शाली असतात, पण तू समजून घे.

मग चोना वळली. उरलेलं पाणी हौदात ओतलं. हौद एका तळहाताने कमी राहिला. तिने छत सोडलं, काढलं, वाऱ्यावर धरलं. नीळ पाण्यातून निघताना हिरवी दिसते, आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळी होते. आपल्या माणसांना हे खोटं वाटतं, पण उद्या मी तुला दाखवतो. पुन्हा सोडलं, पुन्हा काढलं. असा निळा रंग त्या गावाने कधी पाहिला नव्हता. आणि वरच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी पट्टी.

चोनाने हात धुतले, काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि घरात गेली.

दुसरं छत नव्हतं, तेव्हा तेच पाठवावं लागलं. राजधानीतल्या कारभाऱ्याने ते उलगडलं, कोरी पट्टी बघितली आणि हसला. काम अर्धवट टाकणारं गाव, असं म्हणाला, आणि छत आल्या पावली परत पाठवलं. दरीपलीकडच्यांचं छत फिकं होतं, पण बिनडाग होतं, म्हणून शिक्क्याचा कागद तिकडे गेला.

त्यानंतर गावाने चोनाशी बोलणं टाकलं. तिला वाट्टेल ते बोलले, तोंडावर बोलले. तुझ्या दयेपायी आमची पोरं उपाशी मरणार, म्हणाले. तिने उलट उत्तर दिलं नाही, आणि हौदालाही हात लावला नाही. शपथ म्हणजे शपथ. कुठलीच कला हाताशी न राहिलेली ती बाई सकाळी उठून झऱ्यावर जाऊन बसायची आणि भोपळ्याच्या वाटीने येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायची. पाट तिने त्याच दिवशी सोडायला लावला होता. गाव रागावलं होतं, पण पाट पुन्हा बंद करायची कोणाची छाती झाली नाही. आणि एक नवल म्हणे असं झालं, की पाट सोडल्यावर करंगळीएवढी धार तेवढीच राहिली, पण तुटली नाही. पुढे पाऊस येईपर्यंत ती तशीच वाहिली.

जत्रेचा महिना आला. खेचरांचे तांडे निघाले, मुलखाच्या चारी दिशांनी. ज्याच्या हाती कागद तिकडे जायचं, म्हणून सगळे दरीपलीकडे निघालेले. पण खेचर कागद पीत नाही, जावईबापू. त्या वर्षी दरीपलीकडे त्यांच्याच माणसांना पाणी पुरत नव्हतं, तर पाहुण्यांच्या जनावरांना कुठून देणार? पहिले तांडे तसेच कोरड्या घशाने परत फिरले. आणि परतीची वाट तिठ्यावरून. तिठ्यावर कोण? खालची वस्ती.

हासिंता तिथे पोर कडेवर घेऊन उभी होती असं सांगतात. वस्तीने तांड्यांपुढे पाण्याची भांडी ठेवली, आणि विचारेल त्याला सांगितलं, वर एक गाव आहे. स्वतःचं कापड कोरं ठेवलं, पण आमच्या घागरी भरल्या. तुमची जनावरं तिथे मरणार नाहीत.

मग काय. मिठाचे तांडे वर चढले, त्यांच्या मागे कोको, त्यांच्या मागे मडकीवाले, गुरंवाले. देवळासमोरचं पटांगण भरलं, मग या रस्त्याच्या दोन्ही बाजू भरल्या. शिक्का नाही, कागद नाही, आणि जत्रा अशी भरली की दरीपलीकडचे व्यापारीसुद्धा आपला माल घेऊन इथे आले. राजधानीचा कागद मागाहून आला, पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी, ते इथे कोणाला आठवतही नाही. हे शहर कागदावर वसलेलं नाही, पाण्यावर वसलंय, असं इथला शेंबडा पोरगाही तुला सांगेल.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी डॉन एउसेबियो झऱ्यावर गेला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "चोना, आता हौदावर ये. देव समजून घेईल."

ती म्हणाली, "देवाचा प्रश्न नाही. मी शब्द दिला होता. पाणी घ्या." आणि वाटी पुढे केली. तो प्यायला, आणि असं म्हणतात की तिथेच बसून रडला.

ती पुढे बरीच वर्षं जगली. हौदाला हात लावला नाही तो नाहीच. गावातल्या पोरी रंगवायच्या तेव्हा शेजारी जाऊन बसायची, हात मांडीखाली दाबून, आणि सांगायची, अजून एक बुडी दे. स्वतःच्या हाताने करता येत असताना नुसतं बघत बसायचं, हे काय असतं ते कारागिरालाच विचारावं. मी निवृत्त झाल्यावर माग चालू बघितला की माझे हात आपोआप पुढे जातात. तिने आयुष्यभर आवरले. कोपरापर्यंतचा निळा रंग मात्र शेवटपर्यंत गेला नाही म्हणतात.

ती गेली तेव्हा त्या पोरींनी तिच्यासाठी कफन रंगवायला घेतलं. पाऊस चांगला झाला होता, रांजण भरलेले होते, हौद काठोकाठ भरता आला असता. पण त्यातल्या एकीने घागर भरून घेतली, अंगणाबाहेर ठेवली, वाटेने जाणाऱ्याला प्यायला. बाकीच्यांना सांगावं लागलं नाही. हौद एक तळहात कमी ठेवला आणि त्या कोऱ्या काठाच्या कफनात चोनाला गुंडाळलं. तो मुद्दाम ठेवलेला पहिला काठ. तोवर या गावात कोरी जागा म्हणजे लाज होती.

परत आलेलं छत देवळात आहे, जत्रेच्या दिवशी लावतात. निळाई विटली पण पांढरी पट्टी जशीच्या तशी आहे, असं इथे सगळे छातीवर हात ठेवून सांगतात. मी जवळून पाहिलंय, थोडी पिवळी पडलीय. पण हे मी बोललो असं तुझ्या काकूला सांगू नकोस.

आता नीळ उरली नाही एवढी. डोंगरावर कॉफी आहे, आमची मिल आहे, शर्ट शिवायचे दोन कारखाने आहेत, तरुण पोरं कानाला यंत्र लावून परदेशातल्या लोकांशी बोलतात. खेचरांच्या जागी ट्रक आले. पण राजधानीत पैसा नुसता फिरतो, इथे काहीतरी तयार होतं, हे मी ठणकावून सांगतो. मिलमध्ये रंगाचं मशीन आलं तेव्हा त्यात कापड आपोआप पूर्ण बुडायला लागलं. कामगारांनी दुसऱ्या दिवशी काठ बांधून ठेवायची युक्ती काढली, आणि फाटकाबाहेर ट्रकवाल्यांसाठी माठ ठेवला. परदेशातला एक मोठा व्यापारी म्हणाला होता, तेवढा काठ काढा, हवा तेवढा माल घेतो. मालकाने त्याला पाणी दिलं, कॉफी दिली आणि बस स्टँडपर्यंत सोडून आला. त्या दिवशी मी इथला झालो, मृदुला. नागरिकत्वाचा कागद मलाही मागाहूनच मिळाला.

आजही या शहरात हौद लावण्याआधी पहिली घागर दाराबाहेर ठेवतात. आजही या बाजारात आधी पाणी, मग कापड, आणि भाव सगळ्यात शेवटी. पाणी नाकारणाऱ्याला कोणी शिवी देत नाही, हाकलत नाही. फक्त घडी घालून मागे ठेवतात.

त्या बघ, दोन्या मेलिदा पुन्हा वाटी घेऊन आल्या. मी गोष्ट सांगतोय हे त्यांना कळलंय, सगळ्यांना कळतं, मी हात फार हलवतो ना. घाबरू नकोस, झऱ्याचं आहे, त्या उकळून गाळून ठेवतात. बाटली राहू दे. दोन घोट पी आणि वाटी जावईबापूंना दे.

बघ, काढलं त्यांनी कापड. नाही, दुसरं नाही, तेच आहे. उलटं फिरवून देतायत, तसंच द्यायचं असतं, कोरा काठ घेणाऱ्याच्या हातात येईल असं. चिमटीत नको धरू. दोन्ही हातांनी घे.